ऐकणाऱ्यांचाही आवाज

१९७३ च्या नोव्हेंबर अखेरीस आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यात, पीटर्सवेल नावाच्या खेड्यातल्या लाहिफ यांच्या पबमध्ये जो कूली यांचं अ‍ॅकॉर्डियनवादन ध्वनिमुद्रित झालं. कूली मूळचे याच गावचे. १९५४ साली अमेरिकेला गेले, न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को असं करत तिकडेच राहिले, आणि १९७२ मध्ये परत आले. कर्करोगानं शरीर पोखरलेलं होतं. त्या संध्याकाळनंतर महिनाभरातच ते गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. दोन वर्षांनी त्यांच्या नावाची तबकडी निघाली. तिच्यावर त्या संध्याकाळचं वादन आहे: कूलींचा अ‍ॅकॉर्डियन, डेस मलकेर यांचा बँजो आणि भाऊ जॅक यांचा बाउरॉन, म्हणजे आयरिश डफ.

आणि आहेत लोक. त्यांची नावं तबकडीवर नाहीत, पण सबंध वादनभर ते ऐकू येतात. खोली गच्च भरली आहे हे कानाला लगेच कळतं. कूलींची चाल एका वळणावर येते आणि मागून एक आरोळी उठते, तिच्यावर दुसरी. पाय आपटल्याचे आवाज, हसू, मधेच कुणीतरी अगदी मोकळ्या गळ्यानं दिलेली हाक. आपला माणूस शेवटचा वाजवतोय हे त्या खोलीत बहुतेकांना ठाऊक असणार. पण त्या आरोळ्यांत दुःखाचा सूर नाही. त्या वाजवणाऱ्याला पुढे ढकलतात. तो ढकलला जातो, हे बोटांवरून ऐकू येतं: आरोळीनंतरचं आवर्तन आधीच्यापेक्षा अधिक उसळी घेऊन येतं. कुणी यंत्र लावून हे सगळे आवाज पुसून टाकले आणि नुसता अ‍ॅकॉर्डियन शिल्लक ठेवला, तर कूली अचानक असे का उसळले, हे कळणारच नाही.

या तबकडीवर कूली थोडं बोलतातही. माणसांना भानावर आणणारं हे एकच संगीत आहे असं मला वाटतं, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणतात. मी डब्लिनला राहायला आल्यावर आयरिश संगीताबद्दल पुष्कळ वाचलं, पण माझा खरा प्रवेश या तबकडीतून झाला, आणि तोही वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांमुळे. हे लोक नेमके कुठे ओरडतात, का ओरडतात, आणि एरवी इतके गप्प का असतात, हे मला समजून घ्यायचं होतं.

त्यासाठी चालीची बांधणी माहीत असावी लागते. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा (माप म्हणजे ठेक्याचं एक छोटं चक्र), आणि प्रत्येक दोनदा वाजतो. असं बत्तीस मापांचं एक आवर्तन. रील, म्हणजे जलद नाचाची चाल असेल, तर त्याला पाऊण मिनिटही लागत नाही. चाल दोन-तीनदा वाजवायची आणि न थांबता दुसऱ्या चालीत शिरायचं, मग तिसऱ्या. चालींच्या अशा जोडणीला ‘सेट’ म्हणतात. आता सगळा जीव असतो तो या सांध्यांवर. पहिली चाल डी या स्वरावर चालली आहे, तिची सवय झाली आहे, पाय आपोआप हलताहेत, आणि कुणी न सांगता सगळी वाद्यं एकदम दुसऱ्या स्वरावर उभ्या असलेल्या नव्या चालीत उतरतात. तेवढ्यात कोपऱ्यातून ‘हप!’ येतं. बस, एवढंच. एक अक्षर म्हणावं इतकं लहान, पण नेमक्या जागी पडलेलं.

माझा कान पुण्यातल्या बैठकींत तयार झालेला. तिथे गाणारा समेकडे येतो आहे हे सगळ्यांना आधीच कळलेलं असतं, माना अगोदरपासून झुकायला लागतात, आणि सम गाठली की ‘वा!’ सुटतं. इथे येणाऱ्या वळणाची अशी आगाऊ वर्दी कुणी देत नाही. पुढची चाल कोणती, हे कित्येकदा शेजारच्या वादकालाही ठाऊक नसतं. पुढाकार घेणारा भुवई उंचावतो, नाहीतर खुर्चीत जरा सरळ होतो, आणि बाकीचे सावरून घेतात. म्हणून ऐकणाऱ्याची दाद इथे थोडी उशिरा, नव्या चालीच्या पहिल्या दोन-तीन स्वरांवर येते, चाल ओळखल्याच्या आनंदात. ज्याला ती चाल ठाऊकच नाही त्याला ‘हप’ म्हणता येत नाही. म्हणायला काय, कुणीही म्हणेल, पण ते चुकीच्या जागी पडतं आणि लगेच उघडं पडतं.

सेट संपल्यावर टाळ्या क्वचितच होतात. वादक एकमेकांकडे तोंड करून गोलात बसलेले असतात. समोर रंगमंच नाही, तिकीट नाही. वाद्य मांडीवर येतं, पेला उचलला जातो. शेजारचा हळूच ‘लव्हली’ म्हणतो, नाहीतर ‘गुड मॅन’. मग येतो तो प्रश्न, माझ्या मते सगळ्यात मोलाची दाद असलेला: “ही चाल कुणाकडून मिळाली तुला?” उत्तरात एक माणूस येतो, त्याच्या मागचं गाव येतं, कधी कधी त्या माणसाला ती कुणाकडून मिळाली तेही येतं. कितीतरी चालींना रचणाऱ्याऐवजी वाजवणाऱ्याचं नाव चिकटलं आहे. कूलींच्या नावाची रील आज जगभरच्या सेशन्समध्ये, म्हणजे पबमध्ये सहज जमून वाजवायच्या बैठकींत, नवशिकेसुद्धा वाजवतात. हे प्रश्नोत्तर चालू असताना मला नेहमी वाटतं, की संगीत अजून थांबलेलंच नाही.

ही सवय लागली कुठून? या संगीताचे पहिले श्रोते नाचणारे होते, हे त्याचं मूळ. खेड्यातलं घर, स्वयंपाकघर, चुलीसमोरची मोठी सपाट फरशी. त्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरून ठेवायची रीत आयर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी होती, नाचणाऱ्याच्या पावलांचा आवाज घुमावा म्हणून. मला हा तपशील फार आवडतो. ऐकणाऱ्याचा आवाजही नीट उमटावा यासाठी घर बांधतानाच केलेली ही सोय आहे. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्याला आपलं वादन कसं चाललं आहे, हे कुणी तोंडानं सांगायची गरज नव्हती. पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यातल्या ‘सेट डान्स’ नावाच्या जोड्यांच्या नाचात पावलांनी जमिनीवर ताल कुटतात. तो कुटणारा पाय जर वरचेवर उचलला जात असेल, तर चाल बरोबर आहे. पाय जड झाले, की फिडल चुकली.

१९३५ साली सार्वजनिक नाचघरांचा कायदा आला. नाचाला परवाना लागू लागला. कायद्याच्या अक्षरांत घरातल्या नाचावर बंदी होती का, यावर वाद घालता येईल. पण धर्मगुरू आणि पोलीस यांनी मिळून तो घराघरांतल्या नाचांवर चालवला, हे खरं. नाच चर्चच्या सभागृहात गेला, तिथे मोठ्या जागेला पुरेल असा मोठा आवाज हवा म्हणून बँड मोठे झाले. स्वयंपाकघर ओस पडलं. त्यात परदेशी जाणाऱ्यांची रांग लागलेली. पश्चिम क्लेअरमधले फिडलवादक ज्युनियर क्रीहन या काळाबद्दल आयुष्यभर हळहळत राहिले. घरातल्या नाचाच्या मृत्यूवर त्यांनी एक विलापाची चाल रचली. मेलेल्या माणसासाठी विलाप रचतात. त्यांनी तो एका प्रकारच्या श्रोत्यांसाठी रचला, असं मी मानते.

पुढे १९८५ मध्ये नोएल हिल यांची कॉन्सर्टिना, म्हणजे हातात मावणारी भात्याची छोटी पेटी, आणि टोनी मॅकमॅहन यांचा अ‍ॅकॉर्डियन यांची एक तबकडी निघाली. कॉर्क परगण्यातल्या नॉकनग्री गावच्या पबमध्ये, नाचणाऱ्यांसमोर मुद्रित केलेली. तिच्यात पावलांचा आवाज वाद्यांइतकाच पुढे आहे. हे मॅकमॅहन लहानपणापासून कूलींचे भक्त. पाय नसलेलं नाचाचं संगीत अर्धंच असतं, हे त्यांनी त्या तबकडीतून ऐकवून दाखवलं आहे. कानात हेडफोन घालून, डब्लिनच्या ट्राममध्ये बसून मी ती ऐकली आहे, आणि माझे पाय जागेवर राहिले नाहीत.

पण गाण्याचं सगळंच वेगळं. ‘शान-नोस’ म्हणजे जुन्या ढंगाचं आयरिश भाषेतलं गाणं, साथीला एकही वाद्य नाही, एकट्या गळ्यावर उभं. त्याची सगळ्यात भरघोस परंपरा गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कोनमारात, समुद्रकाठच्या खडकाळ गावांत. पबमध्ये गलका चाललेला असतो. कुणीतरी कुणाला तरी गायचा आग्रह करतं, तो नको नको म्हणतो, आणि मग कुणीतरी मोठ्यानं ‘क्यूनस!’ म्हणून शांत बसायला सांगतं. खोली एकदम थांबते. पेले भरणाराही हात आवरतो. गाणारा बहुधा डोळे मिटतो, मान खाली घालतो, कित्येकदा भिंतीकडे तोंड करतो. भाव चेहऱ्यावर आणायचा नाही, हातवारे नाहीत. जे काय आहे ते सुरांच्या वळणात आणि शब्दात.

आणि मग कुणीतरी त्याचा हात धरतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय चाललं आहे ते समजायला वेळ लागला. गाणारा साठीचा, अंगात मच्छीमारांचा जाड स्वेटर, चेहरा भिंतीकडे. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या माणसानं त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत अगदी सावकाश गोल फिरवायला लागला, विहिरीचा रहाट फिरवावा तसा. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. कडव्याची लांबच लांब ओळ सुरू झाली की हात वर जायचा, ओळ उतरली की खाली यायचा. ओळीच्या शेवटी, श्वासाच्या जागी, हात धरणारा पुटपुटला, ‘जिया ल्यात’, देव तुझ्या पाठीशी. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, ‘मो ग्रा हू’, माझा लाडका तू. असे आणखीही उद्गार आहेत: ‘मा हू’, शाब्बास, ‘नार लागा जिया हू’, देव तुझी ताकद कमी न करो. ते सगळे दोन ओळींच्या मधल्या फटीत, गाण्याला धक्का न लावता ठेवले जातात. शेवटची ओळ गाणाऱ्यानं गायलीच नाही. अर्धी गायली आणि उरलेले शब्द साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणून टाकले. तीही तिथली रीतच आहे. तेवढ्यानं सगळे परत खोलीत आले आणि गलका पुन्हा सुरू झाला.

ज्या गाण्यात कुणीतरी बुडून मेलेलं असतं, कुणाचं प्रेम अर्ध्यात तुटलेलं असतं, ते एकट्यानं गाणं कठीण. हात धरणारा त्याला तिथे एकटं राहू देत नाही. याहून मोठी दाद मी कुठल्याही संगीतात पाहिलेली नाही, आणि मी चांगले श्रोते पुष्कळ पाहिले आहेत.

संगीतकार शॉन ओ रियादा यांनी १९६२ साली आयरिश रेडिओवर परंपरागत संगीतावर एक भाषणमाला दिली. शान-नोस कसं ऐकावं हे सांगताना त्यांनी श्रोत्यांना सुचवलं, की युरोपीय संगीताचे हिशेब बाजूला ठेवा, त्यापेक्षा भारतीय संगीत मनात ठेवा. हे वाचून मला आपल्या कुणीतरी ओळख दिल्यासारखं वाटलं. दोन्हीकडे एकच सुरावट, खाली स्वरांचे ढीग नाहीत, आणि प्रत्येक कडव्याला तीच ओळ नव्या मुरक्यांनी सजवायची. पण मला त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते: ओ रियादा वाजवणाऱ्यांबरोबरच ऐकणाऱ्यांना शिकवत होते. १९६० च्या आसपासच्या डब्लिनमध्ये शिकल्यासवरल्या माणसांना हे खेडवळ संगीत वाटायचं. ओ रियादांनी आपला वाद्यवृंद उभा केला, त्याला सभागृहात नेलं, काळे कोट घालून बसवलं. त्यानं श्रोते मिळाले, मान मिळाला. मात्र खुर्च्यांच्या रांगा आल्या, अंधार आला, आणि शेवटी एकदम टाळ्या.

रंगमंचावर गेल्यावर वाजवणाऱ्यांनाही श्रोते ओळखू येईनासे झाले, याचा एक किस्सा आहे. १९७२ च्या ईस्टरला गॉलवेत डोनोव्हन या लोकप्रिय गायकाच्या कार्यक्रमाआधी प्लँक्स्टी हा नवा आयरिश गट वाजवायला उभा राहिला. समोर तरुण पोरं, जी आली होती दुसऱ्याच कुणासाठी. वाद्यांत इलन पाइप्स, म्हणजे कोपरानं भाता दाबून वाजवायचा आयरिश पावा. वादन सुरू झालं आणि अंधारातून असा काही आरडाओरडा उठला, की दिव्यांच्या झोतामुळे काही न दिसणाऱ्या, गटातल्या अँडी अर्वाईनना वाटलं, दंगल पेटते आहे. तो आनंद आहे हे कळायला त्यांना काही मिनिटं लागली. पीटर्सवेलच्या खोलीत असा गैरसमज होणं शक्य नव्हतं, तिथे प्रत्येक आरोळीला चेहरा होता. पण गॉलवेच्या त्या पोरांबद्दल मला अतिशय जिव्हाळा वाटतो. त्यांच्या आजोबांच्या घरातला आवाज त्यांना पहिल्यांदाच आपला वाटला होता, आणि त्याला काय म्हणायचं याची रीत त्यांच्याकडे नव्हती, म्हणून ते नुसते ओरडले.

रिव्हरडान्स या आयरिश नाचाच्या कार्यक्रमाबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे. १९९४ च्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत सात मिनिटं, आणि सबंध सभागृह उभं. ठीक आहे.

त्यापेक्षा मला सांगायचं आहे सिएटलबद्दल. मार्टिन हेज हे पूर्व क्लेअरचे फिडलवादक. त्यांचे वडील पी. जो हेज हे टल्ला केली बँड या नाचासाठी वाजवणाऱ्या बँडचे, ज्यात कूलीही वाजवायचे. डेनिस केहिल शिकागोत जन्मलेले, आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या आईबापांचे, गिटारवादक. १९९९ मध्ये या दोघांची सिएटलच्या कार्यक्रमाची तबकडी निघाली. तिच्यात अर्ध्या तासाच्या आसपास चालणारा एक सेट आहे. सुरुवात केरीच्या किनाऱ्याजवळच्या ब्लास्केट बेटांवरच्या एका संथ चालीनं. ही चाल परींकडून ऐकली अशी तिथली कथा. ती बेटं १९५३ साली रिकामी झाली. मग हळूहळू एकेक चाल, मध्ये थांबा नाही, वेग जवळजवळ न कळेल असा चढतो. केहिल फार थोडे स्वर वाजवतात. श्रोते कितीतरी वेळ श्वासही जपून घेतात. मग कुठेतरी एका सांध्यावर पहिली आरोळी फुटते, पुढच्या सांध्यावर चार, आणि शेवटाकडे अख्खी खोली पीटर्सवेलची झालेली असते. समोर अमेरिकन माणसं, बहुतेकांना त्या चालींची नावंही माहीत नसणार. मग ते बरोबर जागी कसे ओरडले? मला वाटतं, हेज आणि केहिल यांनी त्यांना त्या अर्ध्या तासात शिकवलं. पहिल्या संथ दहा मिनिटांत त्यांनी श्रोत्यांचा कान खाली आणून ठेवला, प्रत्येक वळण नीट ऐकू येईल इतका. केहिल २०२२ साली गेले. त्यांच्या वादनातल्या मोकळ्या जागा मला आजही फार जवळच्या वाटतात. ऐकणाऱ्याला शिरायला त्यांनी तेवढं दार उघडं ठेवलं होतं.

सगळीकडे असं होत नाही. डब्लिनच्या मध्यवस्तीत संध्याकाळी पबमध्ये जा, पर्यटक पहिल्या रीलपासून ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण टाळीचा ठोका रीलच्या आतल्या झोक्याला सपाट करतो, वादकांना तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि वेग वाढत जातो. मग पुढच्या वळणाला कुणी ‘हप’ म्हणत नाही, कारण वळण ऐकूच येत नाही. मोबाइल वर धरून उभे असलेले तर ना टाळी वाजवतात, ना ऐकतात. याचा मला खरोखर त्रास होतो.

म्हणून डब्लिनच्याच स्मिथफील्ड भागातला कॉबलस्टोन पब मला प्रिय आहे. दर्शनी खिडकीजवळच्या कोपऱ्यात वादक बसतात, आणि त्या भागात बसायचं ते ऐकायला, हे तिथे येणारे सांभाळतात. २०२१ मध्ये त्या जागेवर हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. दर्शनी खोली राहिली असती, मागची खोली गेली असती, जिथे वर्ग भरतात, कार्यक्रम होतात. ऑक्टोबरात लोक रस्त्यावर उतरले, वाद्यं वाजवत, खांद्यावर डब्लिन मेलं असं सुचवणारी शवपेटी घेऊन. त्यांत वादक होते तसे कधीही एक स्वर न वाजवलेले कितीतरी होते. हजारोंनी सह्या केल्या, हरकती नोंदवल्या. नोव्हेंबरमध्ये डब्लिन महापालिकेनं परवानगी नाकारली. वर्षानुवर्षं कोपऱ्यात पेला घेऊन ‘लव्हली’ म्हणणारी माणसं त्या महिन्यात नियोजनाचे नकाशे वाचत होती.

दर जुलैच्या सुरुवातीला क्लेअरमधल्या मिलटाउन मॉलबे गावी विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा भरते. पाइप्सवादक विली क्लॅन्सी १९७३ च्या जानेवारीत गेले, त्याच वर्षी ती सुरू झाली. आठवडाभर गावात पाय ठेवायला जागा नसते. दिवसा वर्ग, रात्री प्रत्येक पबच्या प्रत्येक कोपऱ्यात सेशन. तिथे मला न वाजवणारे एक आजोबा भेटले, शेतकरी, ऐंशीच्या पुढचे. ते ठरलेल्या खुर्चीत बसतात, आणि वादक नवी चाल सुरू करताना एक नजर त्यांच्याकडे टाकतात, हे माझ्या लक्षात आलं. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी फिडल वाजवत होती. तिचा सेट संपला. आजोबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, चाल कुणाकडून मिळाली म्हणून. तिनं आपल्या शिक्षिकेचं नाव सांगितलं. आजोबा म्हणाले, तिच्या काकांचं वादन मी ऐकलंय, दुसऱ्या भागाच्या शेवटी ते खाली न उतरता वर जायचे. आणि त्यांनी तेवढा तुकडा ओठांनी गुणगुणून दाखवला, जरा बेसूरच. मुलीनं फिडल पुन्हा हनुवटीखाली घेतली. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा ती वर गेली आणि तिथून तिनं सरळ पहिला भाग पकडला, बँजोवाला मागोमाग आला, आणि आजोबा मोठ्यानं म्हणाले, “हप!”